बीपी पडलंय तरी फिल्ड (ऑपरेशनची दिसणारी जागा) लालच, दुर्बिणीच्या सायनस ऑपरेशनमध्ये रक्त आवरतं तरी कशाने?

नाकासमोर_चालणारा:

नमस्कार मंडळी, ईएनटीचा पीजी आहे, दुसरं वर्ष. सर आता थोडंथोडं हातात द्यायला लागलेत म्हणून हा प्रश्न पडलाय. पॉलिपची (नाकातल्या मऊ गाठींची) केस असली की सुरुवात मस्त होते, अनसिनेट (बाजूच्या भिंतीचं पातळ हाड) निघतो, मॅक्सिलरीचं (गालातल्या सायनसचं) तोंड दिसतं, आणि एथमॉइडमध्ये (दोन डोळ्यांमधल्या सायनसच्या कप्प्यांत) शिरलं की संपलं सगळं. मिडल टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा मधला हाडाचा कंगोरा) जिथे वर चिकटतो तिथून एक बारीक धार उतरते ती नेमकी स्कोपच्या काचेवर, बाहेर काढून पुसा, परत आत घाला, परत लाल. सक्शन लावलं की क्षणभर दिसतं, काढलं की डबकं. समोर नुसता पडदा आहे की डोळ्याची भिंत तेच कळेना म्हणून मी हात आखडता घेतो, मग सर स्कोप घेतात आणि त्यांच्या हातात तेच नाक निम्मंसुद्धा वाहत नाही. हे कसं?

मॉनिटरवर मीन (सरासरी बीपी) ६२-६५ दिसत असतो, म्हणजे बीपी तर खालीच आहे. पल्स ९५-१०० च्या आसपास. भूलवाल्यांना अजून कमी करा म्हटलं की ते माझ्याकडे असं बघतात की मी गप्पच बसतो. पुस्तकात यादी आहे, डोकं वर करा, ॲड्रेनलिन लावा, ट्रानेक्झा (ट्रानेक्झामिक ॲसिड) द्या, स्टिरॉइड द्या, टिव्हा (गॅसऐवजी शिरेतून भूल) द्या, गरम सलाइन मारा. पण यातलं खरंच कामाचं काय आणि नावापुरतं काय हे कुणी सांगत नाही. आणि स्फिनॉइड (सगळ्यात मागचा सायनस) उघडताना खालच्या बाजूला दरवेळी एक वात्रट रक्तस्राव होतो, तो कुठून येतो? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

जुना_स्कोप:

सरांच्या हातात कमी वाहतं त्याचं उत्तर आधी देतो, बाकीचं नंतर. ते ओढत नाहीत, कापतात. पॉलिप फोर्सेपने धरून ओढला की सोबत म्युकोसाची (आतल्या ओल्या अस्तराची) पट्टी सोलून येते आणि उघडं हाड राहतं, ते हाड मग केस संपेपर्यंत झिरपत बसतं. कापणारी हत्यारं वापर, थ्रू-कट म्हणतात ती, नाहीतर डिब्रायडर, म्हणजे सक्शनने ओढून घेऊन फिरत्या ब्लेडने कापणारं यंत्र. डिब्रायडरलाही जोर लावायचा नसतो, तोंड पॉलिपजवळ नेऊन थांबायचं, तो स्वतः ओढून घेतो. नवी पोरं स्पीड वाढवतात, त्याने होतं काय की ब्लेडची खिडकी उघडी राहायला वेळच मिळत नाही, टिश्यू आत यायच्या आधी बंद, मग कापतं कमी आणि घासतं जास्त. स्पीड कमी ठेवून बघ, फरक दिसेल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, की फिल्ड ऑपरेशनच्या आधी तयार होतं. पॉलिप असलेल्या पेशंटला आधी स्टिरॉइडच्या गोळ्या, साधारण ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ५ ते ७ दिवस, डायबिटीस किंवा अल्सर वगैरे बघून अर्थातच. पॉलिप आकसतात, सूज उतरते, रक्त कमी येतं. पू वाहत असलेलं नाक घाईने टेबलवर घेऊ नये, सुजलेल्या लालभडक म्युकोसाला कोणतंच औषध आवरत नाही.

तिसरं, पॅटी, म्हणजे औषधात भिजवलेली दोरावाली कापसाची पट्टी. सगळे ॲड्रेनलिन लावतात, नीट लावणारे थोडे. पॅटी नाकाच्या तळाशी कोंबून दोन मिनिटांत काढली तर उपयोग काय? ती मिडल मिएटसमध्ये, टर्बिनेट आणि बाजूच्या भिंतीच्या मध्ये, शक्य असेल तर मागे स्फिनो-एथमॉइड कोपऱ्यात, स्कोपने बघून ठेवायची. आणि मग थांबायचं, कमीत कमी १० मिनिटं. तेवढ्यात सीटी परत बघ. १ ला १००० हे ॲड्रेनलिन फक्त पॅटीवर, सुईत कधीच नाही. सुईसाठी लिग्नोकेन आणि १ लाखात १ किंवा ८० हजारात १ ॲड्रेनलिन, दोन्ही वाट्या वेगळ्या, आणि पॅटीच्या वाटीत फ्लुरेसिनचा थेंब टाकून रंगवून ठेवायची म्हणजे चुकून सिरिंजमध्ये ओढली जाणार नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, चुकून १ ला १००० टोचलं गेलं तर हार्टवर काय होतं ते वाचून बघ एकदा.

टोचायचं कुठे? तू म्हणतोस तिथेच, मिडल टर्बिनेट जिथे वर चिकटतो त्या जागी आणि थोडं पुढे. दुसरी जागा मागे, टर्बिनेटचं मागचं टोक बाजूच्या भिंतीला मिळतं तिथे, स्फिनोपॅलाटाइन आर्टरी तिथूनच नाकात शिरते. दरवेळी आधी ॲस्पिरेट करून (सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघून). काही जण तोंडातून ग्रेटर पॅलाटाइन कॅनॉलमध्ये (टाळूच्या हाडातल्या नळीत) देतात, सुई टोकापासून २५ मिलिमीटरवर ४५ अंशात वाकवून, म्हणजे जास्त आत जात नाही. चांगली पद्धत आहे पण शिकवणारा शेजारी उभा असल्याशिवाय करू नकोस, त्या कॅनॉलच्या वर डोळा आहे.

बीपीबद्दल, मला विचारशील तर मीन ६० च्या खालीच हवा. ५५ ला फिल्ड सुंदर दिसतं.

भूलपाखरू:

जुना_स्कोप सर, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. भूल मी देते म्हणून नाही, गणित म्हणून बघा.

डोकं १५-२० अंश वर केलंय, छानच, करायलाच हवं, शिरांमधलं रक्त उतरतं आणि झिरपणं कमी होतं. पण कफ दंडावर आहे, तो हृदयाच्या पातळीचं प्रेशर सांगतोय. मेंदू हृदयापेक्षा १५-२० सेंटीमीटर वर असेल तर दर सेंटीमीटरला पाऊण मिलिमीटर पारा जातो, म्हणजे मेंदूपाशी ११ ते १५ कमी. तुम्ही मागितलेले ५५ मेंदूला ४०-४४ मिळतात. तरुण धडधाकट माणूस काढेल एखादवेळेस निभावून, पण ज्याचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे त्याच्या मेंदूला आणि किडनीला वरच्याच प्रेशरची सवय झालेली असते, त्याला तो आकडा झेपत नाही. म्हणून मी साधारण ६५ ते ७० ला थांबते आणि वयस्कर, बीपीवाल्या पेशंटमध्ये त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यावरून ठरवते. सर्जन रागावला तर रागावला.

आता नाकासमोर_चालणारा, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे, तुम्ही ते ओलांडून गेलात. मीन ६२ आणि पल्स १००. एनटीजी चालू असते का? मला तरी वाटतंय असणार. नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइडने बीपी पडतं ते रक्तवाहिन्या पसरून पडतं, शरीर घाबरून हार्ट पळवतं, आणि नाकातल्या बारीक वाहिन्या, ज्या तुम्ही ॲड्रेनलिनने आवळायचा प्रयत्न करताय, त्या आम्ही वरून सैल सोडतो. आकडा छान आणि नाक लाल. बोझार्ट या भूलतज्ज्ञांनी १९९५ मध्ये हेच दाखवलं, नायट्रोप्रुसाइड आणि एस्मोलोल (हार्ट सावकाश करणारा बीटा ब्लॉकर) समोरासमोर ठेवून, एस्मोलोलच्या पेशंटमध्ये बीपी तितकं खाली न नेताही फिल्ड जास्त स्वच्छ होतं. आज आपण फिल्डला ० ते ५ मार्क देतो ती पट्टीसुद्धा तिथलीच, ० म्हणजे रक्तच नाही आणि ५ म्हणजे सक्शन काढायच्या आत सगळं भरून येतंय. तर मला बीपीपेक्षा पल्स ६० च्या आसपास हवी असते. हार्ट सावकाश चाललं, कार्डियाक आउटपुट (हार्ट मिनिटाला फेकतं ते रक्त) उतरलं, की नाक आपोआप शांत होतं.

ते मिळवायला टिव्हा सोपं पडतं, प्रोपोफॉल आणि रेमिफेंटानिलची इन्फ्युजन. सेव्हो, आयसो हे गॅस वाहिन्या पसरवतात, जितके जास्त ओढाल तितके जास्त. रेमी नसेल तर फेंटानिल आणि सोबत डेक्समेडेटोमिडीन, त्याने पल्स छान खाली राहते, फक्त पेशंट उठायला जरा वेळ लावतो. गॅसवरच द्यायची वेळ आली तरी गॅस कमी आणि वेदनेचं औषध भरपूर, हा साधा नियम पाळला तरी बराच फरक पडतो. कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा नाही, तोही वाहिन्या पसरवतो. आणि टोचणार असाल तर मला आधी सांगा हो! तुम्ही गुपचूप टोचता, पल्स एकदम १३० होते, नाहीतर उलटं, बीपी मिनिटभर गडगडतं आणि परत चढतं, आणि मी शोधत बसते की झालं काय.

अजून एक, हे पीजींनी पाठच करा. नाकात फेनिलेफ्रिन भरपूर वापरलं आणि बीपी २०० च्या वर गेलं तर त्यावर बीटा ब्लॉकर मारायचा नाही. वाहिन्या आवळलेल्या आहेत आणि वर तुम्ही हार्टची ताकद काढून घेताय, पेशंट फुप्फुसात पाणी भरून जाऊ शकतो, गेलेले आहेत. बहुतेकदा थोडं थांबलं, भूल खोल केली की ते आपोआप उतरतं.

नाकासमोर_चालणारा:

मॅडम दंडवत, एनटीजी चालूच असते आमच्याकडे, प्रत्येक केसला. मी आजपर्यंत पल्सकडे बघितलंच नव्हतं, ती भूलवाल्यांची गोष्ट म्हणून सोडून देत होतो. ट्रानेक्झाबद्दल कुणी बोललं नाही अजून. शिरेतून द्यायचं की नाकात ओतायचं?

ओटीवाली_ताई:

डॉक्टर लोकांच्या मध्ये बोलते, पण वाट्या आम्हीच भरतो ना म्हणून.

पॅटी पिळून द्यायची असते. टपटपणारी पॅटी नाकात घातली की औषध घशात उतरतं, पेशंटच्या पोटात जातं आणि जिथे लागायला हवं तिथे पॅटी पाणचट. दोन बोटांत धरून घट्ट पिळायची, ओलसर राहिली पाहिजे पण थेंब पडला नाही पाहिजे. दोरा बाहेर लटकत ठेवायचा आणि मोजणी तोंडाने मोठ्याने करायची. सर्जन म्हणतात "असू दे गं, चारच होत्या", नाही, चार होत्या की पाच ते फळ्यावर लिहिलेलं असतं.

गरम सलाइन पाहिजे असेल तर केस सुरू व्हायच्या आधी सांगा. ऐन रक्त वाहताना "गरम आणा" म्हटलं की जे येतं ते एकतर कोमट असतं नाहीतर चटका बसेल एवढं. आम्ही ४० ते ४५ डिग्रीच्या मध्ये ठेवतो थर्मामीटर लावून. आणि सर्जननी धीर धरून दोन-तीन मिनिटं धार सोडत राहायचं असतं, एक सिरिंज मारून "काही उपयोग नाही" म्हणायचं नसतं. सक्शनची नळी मध्येमध्ये सलाइन ओढून धुवायची, गुठळी अडकून सक्शन मेलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं रक्त वाढलं.

स्फिनॉइडपर्यंत जाणार असाल तर दुसरं सक्शन लावून, चालू करून, बायपोलर (विजेने रक्तवाहिनी बंद करणारा चिमटा) जोडून ठेवते मी. न मागता.

दुर्बीणदास:

ट्रानेक्झाचं माझं मत. शिरेतून १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो, इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) सुमारास, १० मिनिटांत सावकाश. भसकन दिलं की बीपी पडतं. ते रक्त गोठवत नाही हे आधी डोक्यात पक्कं करायचं, झालेली गुठळी विरघळू देत नाही एवढंच त्याचं काम, प्लाझ्मिनोजेन फायब्रिनला चिकटतं ती जागाच ते अडवून बसतं. औषध जुनं आहे, जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने १९६२ मध्ये पुढे आणलेलं. पॅटीवर टाकूनही वापरतात आणि त्यानेही फिल्ड थोडं सुधारतं. पण थोडंच. ज्या नाकात म्युकोसा सोलून ठेवलाय आणि पल्स ११० आहे तिथे ते काय दिवे लावणार.

मी सगळ्यांना देत नाही. मोठे पॉलिप, दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, फंगल, यांना देतो. किडनी खराब असेल तर डोस कमी, फिट्सचा इतिहास असेल किंवा पायात, फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल तर देतच नाही.

जुना_स्कोप:

मी सगळ्यांना देतो, स्वस्त आणि बऱ्यापैकी निर्धोक आहे, तुमच्या वगळायच्या यादीतले सोडून. बाकी भूलपाखरू मॅडम, ५५ चं गणित पटलं, पण सर्जनच्या बाजूने एक सांगतो की पल्स ६० मिळाली तर आम्हाला ५५ मागायची वेळच येत नाही, मागतो तेव्हा बहुतेक ती ९० असते.

भूलपाखरू:

मग पल्स मागत जा ना सर, बीपी कशाला मागता!

दुर्बीणदास:

मूळ प्रश्नातलं स्फिनॉइडचं राहिलंय ते लिहितो, कारण तिथे बाकीचे सगळे उपाय कमी पडतात.

रक्त बघितलं की आधी स्वतःला विचारायचं, हे झिरपतंय की वाहतंय? चारही बाजूंनी घामासारखं येत असेल तर ते केशवाहिन्यांचं, तिथे बायपोलर घेऊन धावायचं नाही, पॅटी ठेव, भूलवाल्यांशी बोल, दुसऱ्या बाजूच्या नाकपुडीत जाऊन काम कर, परत येशील तेव्हा निम्मं थांबलेलं असेल. पण एकाच ठिकाणाहून ठोक्यासोबत उडी मारत येत असेल तर ती आर्टरी आहे, तिथे पॅटी, सलाइन, ट्रानेक्झा सगळं वेळकाढूपणा, तोंड शोधून बंद करायला लागतं.

तुझा वात्रट स्राव म्हणजे स्फिनोपॅलाटाइनची सेप्टमकडे जाणारी फांदी. ती स्फिनॉइडच्या पुढच्या भिंतीवरून, ऑस्टियम (स्फिनॉइडचं तोंड) आणि कोॲना (नाक मागे घशाकडे उघडतं ते दार) यांच्या मधून आडवी जाते. ऑस्टियम कोॲनाच्या वरच्या कडेपासून साधारण १ ते १.५ सेंटीमीटर वर सापडतं, तिथून तू पंच घेऊन सरळ खाली उघडत आलास की ती कापलीच म्हणून समज. खाली उघडायचंच असेल तर आधी म्युकोसा खाली सरकवून हाड मोकळं करायचं आणि मग हाड काढायचं, किंवा त्या पट्टीला आधीच बायपोलर. आणि कापली गेलीच तर घाबरायचं कारण नाही, ती नाकातली आहे, सक्शन जवळ धरून बायपोलर लावला की थांबते. पण न थांबवता तसाच पॅक घालून आलास तर रात्री फोन येणार.

भीती वाटायला हवी ती ॲन्टिरियर एथमॉइडल आर्टरीची. ही डोळ्यातून येते, छतालगत तिरकी जाते. सीटीच्या कोरोनल कटमध्ये डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक छोटं टोक बाहेर आलेलं दिसतं ती तिची जागा, आणि डोळ्याच्या वर हवेची पोकळी जास्त पसरलेली असेल तर आर्टरी छताला चिकटलेली नसते, खाली लोंबत असते. अशी असेल तर ऑपरेशनच्या आधी फिल्मवर पेनने खूण करून ठेव. ती कापली की टोक आखडून डोळ्याच्या खोबणीत जातं आणि तिथे रक्त साठायला लागतं. नाकात काहीच दिसत नाही, उलट फिल्ड स्वच्छ! म्हणून ड्रेप लावताना डोळे कधीही झाकायचे नाहीत. डोळा पुढे येतोय, बोटाला दगडासारखा लागतोय, बाहुली मोठी व्हायला लागली, तर नाकातला पॅक काढ, डोळ्यांच्या डॉक्टरांना हाक मार आणि ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस, बाहेरच्या कोपऱ्यात कॅन्थॉटॉमी आणि कॅन्थोलिसिस करून (पापण्यांचा कोपरा आणि त्याला धरणारा बंध कापून) प्रेशर सोडायला लागतं. रेटिनाला तास-दीड तासाची मुदत असते, त्यातही कमी गृहीत धरलेली बरी. मॅनिटॉल लटकवून वाट बघणं हा उपाय नाही. आणि छताजवळ, ऑप्टिक नर्व्हजवळ मोनोपोलर अजिबात नको.

कॅरोटिडबद्दल (मेंदूला रक्त नेणारी मोठी आर्टरी) इथे लिहून कुणी शिकणार नाही, तरी एवढंच, की स्फिनॉइडमधला आतला पडदा बऱ्याचदा कॅरोटिडवरच जाऊन टेकलेला असतो, तो पिळून, मुरगाळून काढायचा नाही, कापायचा. आणि झालंच तर दोन सर्जन, दोन जाड सक्शन, मांडीतला किंवा मानेतला स्नायूचा तुकडा ठेचून त्या जागी दाबून धरायचा, रक्त मागवायचं, बीपी पाडायचं नाही कारण मेंदूला जाणारं रक्त आधीच कमी झालंय. थांबलं म्हणून घरी नाही, लगेच अँजिओग्राफी, नंतर तिथे फुगा तयार होऊन काही दिवसांनी परत फुटू शकतो.

जुनाट_सर्दी:

नमस्कार, मी डॉक्टर नाही. माझं हेच ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय म्हणून शोधत इथे आलो आणि वाचून झोप उडाली. मला हार्टमध्ये स्टेंट आहे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत. शिवाय स्वतःहून लसणाच्या आणि फिश ऑइलच्या कॅप्सूल घेतो. हे सगळं आजपासून बंद करू का? आणि रक्त चढवायला लागतं का, नातेवाइकांना सांगून ठेवू का?

दुर्बीणदास:

थांबा, काही बंद करू नका. आधी हे वाचा.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा परिणाम प्लेटलेटवर जवळजवळ आठवडाभर राहतो, म्हणून साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, हे खरंय. पण ते ज्यांना स्टेंट नाही त्यांच्यासाठी. स्टेंट नवा असेल आणि दोन्ही गोळ्या एकदम बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि नाकाचं ऑपरेशन हे काही जीव वाचवायचं ऑपरेशन नाही. म्हणून स्टेंट कधी बसवला, कोणत्या जातीचा, ते कागद घेऊन हार्टच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना व ईएनटीवाल्यांना एकमेकांशी बोलायला लावा. बऱ्याचदा ऑपरेशन काही महिने पुढे ढकलतात, किंवा ॲस्पिरिन चालू ठेवून फक्त दुसरी गोळी थांबवतात. तुमच्यासाठी काय ते तेच ठरवतील, मी इथे बसून नाही.

लसूण, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, जिन्को असल्या कॅप्सूल मात्र आठवडा-दोन आठवडे आधी बंद केलेल्या बऱ्या, आणि घेताय हे डॉक्टरांना सांगाच, पेशंट ते औषध धरतच नाहीत आणि सांगत नाहीत. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालेल.

रक्त चढवायला लागणं फार क्वचित. जे आम्ही वर भांडतोय ते बहुतेक वेळा काही चमचे रक्ताबद्दल असतं, पण नाकाची जागा एवढीशी की तेवढ्यानेही काही दिसेनासं होतं, आणि दिसलं नाही की धोका डोळ्याला आणि मेंदूच्या पडद्याला. म्हणून एवढा खटाटोप.

जुना_स्कोप:

काकांसाठी नंतरचं पण लिहितो. पहिले काही दिवस गुलाबी पाणी, जुनं काळपट रक्त, कफातून लाल रेघा, हे चालतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, झोपताना डोकं उंच, वाकून जड उचलायचं नाही. सांगितलेल्या दिवसापासून सलाइनने नाक धुवायचं, कंटाळा करायचा नाही. ५ ते १० दिवसांच्या दरम्यान खपली सुटताना किंवा जंतुसंसर्गाने परत रक्त येऊ शकतं, थोडं असेल तर पुढे झुकून बसा, नाकाचा मऊ भाग १०-१५ मिनिटं दाबून धरा, मान मागे टाकू नका, रक्त गिळलं जातं आणि उलटी होते.

ताबडतोब यायचं कधी? लालभडक ताजं रक्त थांबतच नाहीये, किंवा बाहेर काही दिसत नाही पण सारखं गिळायला होतंय, डोळा सुजतोय किंवा एकाचे दोन दिसताहेत, वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं स्वच्छ थेंबथेंब येतंय, मान आखडून डोकं ठणकतंय. यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

जुनाट_सर्दी:

खूप आभार. गोळ्या चालूच ठेवतोय, सोमवारी हार्टच्या डॉक्टरांकडे जातो.

नाकासमोर_चालणारा:

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, एवढं सगळं करूनही लालच राहिलं तर? म्हणजे काही दिसतच नाही अशी वेळ आली तर सर म्हणतात पॅक घालून बाहेर ये. पण अर्धवट सोडणं जरा कमीपणाचं वाटतं, पेशंटला काय सांगायचं?

दुर्बीणदास:

पेशंटला आधीच सांगायचं असतं, संमतीच्या कागदावर सही घेतानाच, की दोन टप्प्यांत करायला लागू शकतं. मग काही प्रश्न येत नाही. दिसत नसताना पुढे जाणारा सर्जन शूर नसतो. टप्प्याने मात्र थांब, एकदम पळून नको. आधी पॅटी आणि पाच-दहा मिनिटं, पल्स बघ, डोकं खाली सरकलंय का बघ (टेबल कुणीतरी सरळ केलेलं असतं), जी बाजू जास्त वाहते ती शेवटी ठेव. मागून पुढे आणि खालून वर काम कर, म्हणजे वरचं रक्त तू आधीच संपवलेल्या जागेवर पडतं. हे करूनही फिल्ड ४-५ वरच असेल तर बाहेर ये. बाहेर येताना जेलाटिन-थ्रॉम्बिनची पेस्ट भरतात काही जण, रक्त थांबतं त्याने, पण नंतर आत चिकटाचिकटी जास्त होते असं दिसलंय, मी सहसा टाळतो. विरघळणारा पॅक पुरतो बऱ्याचदा.

भूलपाखरू:

आणि संपवताना आमचा वेळ खाऊ नका. पेशंट खोकत, धडपडत उठला की शिरांतलं प्रेशर चढतं आणि तासभर जपलेलं नाक दोन मिनिटांत परत वाहायला लागतं, म्हणून मला तो शांत उठवायचा असतो. त्याआधी टाळूच्या मागे, नाक आणि घशाच्या मधल्या खोबणीत साठलेली गुठळी डोळ्यांनी बघून ओढून काढायची, ट्यूब काढल्यावर तीच श्वासनलिकेवर पडली तर माणूस जातो. नुसतं सक्शन घशात फिरवून "झालं" नाही म्हणायचं.

ओटीवाली_ताई:

आणि थ्रोट पॅक, घशात घातलेली पट्टी! घातला तेव्हा फळ्यावर लिहिलेला असतो, काढल्यावर मला दाखवून मग खोडायचा. दाखवल्याशिवाय मी खोडत नाही, कितीही मोठे सर असोत.